शाखेपुरते राजकारण

अमेरिकेत विशेषज्ञ डॉक्टरांच्या संघटनेचे वार्षिक बिल येते तेव्हा त्यात बहुधा दोन रकमा असतात. पहिली सभासद वर्गणीची. ती भरली नाही तर सभासदत्व संपते. तिच्या खालच्या ओळीत दुसरी रक्कम आधीच सुचवून ठेवलेली असते. ती संघटनेच्या पॉलिटिकल ॲक्शन कमिटीसाठी असते, जिला सगळेच सुटसुटीतपणे 'पॅक' म्हणतात. या दुसऱ्या रकमेच्या खाली, चष्मा लावूनच वाचता येईल अशा अक्षरांत एक परिच्छेद छापलेला असतो. देणगी पूर्णपणे ऐच्छिक आहे. सुचवलेला आकडा ही केवळ सूचना आहे. आपण कमी दिले, जास्त दिले किंवा काहीच दिले नाही, तरी संघटना आपल्याला त्याबद्दल झुकते माप देणार नाही किंवा आपली अडवणूक करणार नाही. हा पैसा राजकीय कामासाठी वापरला जाईल, त्यावर आयकरात सूट मिळणार नाही, आणि वर्षभरात २०० डॉलरपेक्षा अधिक देणाऱ्याचे नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरीचे ठिकाण संघराज्य निवडणूक आयोगाला कळवले जाईल. मला वाटते, संघटनेकडून वर्षभरात येणाऱ्या एकूण मजकुरात इतका सरळ बोलणारा दुसरा परिच्छेद नसतो, कारण तो संघटनेने मनापासून लिहिलेला नसून कायद्याने तिच्याकडून लिहवून घेतलेला असतो.

माझी वैद्यकीय शाखा कोणती, हे इथे सांगत नाही. शाखा सांगितली की संघटनेचे नाव आपोआप कळते, आणि मला जे म्हणायचे आहे ते एका संघटनेपुरते नाही. नेत्रतज्ज्ञांची 'ऑफ्थपॅक' आहे, रेडिओलॉजिस्टांची 'रॅडपॅक', त्वचारोगतज्ज्ञांची 'स्किनपॅक', न्यूरॉलॉजिस्टांची 'ब्रेनपॅक', शल्यविशारदांची 'सर्जन्सपॅक'. कल्पकता नावांपाशीच संपते. कामाची पद्धत सगळ्यांची जवळजवळ सारखीच आहे.

ही पद्धत समजून घ्यायची तर थोडा कायदा पाहावा लागतो. कंपन्या आणि तत्सम संस्थांनी संघराज्याच्या निवडणुकांतील उमेदवारांना स्वतःच्या तिजोरीतून पैसे देण्यावर १९०७ च्या टिलमन कायद्यापासून बंदी आहे. १९७१ च्या निवडणूक प्रचार कायद्याने आणि त्यात १९७४ साली झालेल्या दुरुस्त्यांनी आजची चौकट घडवली. संघटनेला स्वतःपासून वेगळा ठेवलेला एक निधी काढता येतो. त्या निधीचे कार्यालय, कर्मचारी, छपाई आणि टपाल यांचा खर्च वर्गणीतून करता येतो, पण उमेदवाराच्या हाती पडणारा प्रत्येक डॉलर सभासदाने स्वेच्छेने, स्वतःच्या खिशातून दिलेला असावा लागतो. एका व्यक्तीला एका पॅकला वर्षाला जास्तीत जास्त ५,००० डॉलर देता येतात. पॅकला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी तितकेच देता येतात, आणि पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक वेगळी व मुख्य वेगळी धरली जात असल्यामुळे व्यवहारात ही मर्यादा १०,००० होते. हे आकडे महागाईनुसार वाढत नाहीत. सत्तरच्या दशकात होते तेच आजही आहेत. शिवाय पॅकला देणगी मागता येते ती आपल्या सभासदांकडेच. म्हणून वार्षिक अधिवेशनात पॅकचा टेबल मांडलेला असतो तिथे 'केवळ सभासदांसाठी' अशी पाटी दिसते, आणि दिलेल्या रकमेनुसार बिल्ल्याखाली लटकवायची रंगीत फीत किंवा कोटाच्या कॉलरला लावायची टाचणी मिळते. मोठमोठ्या शस्त्रक्रिया करणारी, हजारभर लोकांसमोर निर्विकारपणे बोलणारी माणसे त्या फितीचा रंग एकमेकांच्या छातीवर चोरून पाहताना मी पाहिली आहेत.

करकायद्याची गुंतागुंत आणखी वेगळी. शिक्षण आणि संशोधन यांसाठी असलेली धर्मादाय स्वरूपाची संस्था निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने उतरू शकत नाही आणि लॉबिंगही मर्यादेतच करू शकते. व्यावसायिक संघटना म्हणून नोंदलेल्या संस्थेवर लॉबिंगची तशी मर्यादा नाही आणि तिला पॅकही काढता येतो. त्यामुळे अनेक शाखांनी दोन संस्था काढल्या आहेत. अस्थिशल्यविशारदांची एक ॲकॅडमी आहे आणि १९९७ साली स्थापन झालेली एक असोसिएशन आहे. दोघींची इंग्रजी आद्याक्षरे तीच आहेत. सभासदाला बहुतेक वेळा आपण या क्षणी कोणत्या संस्थेच्या अंगणात उभे आहोत याचा पत्ता नसतो, आणि त्याला त्याचे फारसे सोयरसुतकही नसते.

एक गोष्ट मात्र माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या डॉक्टराला फार जवळून कळते. परदेशी नागरिकाला अमेरिकेच्या कोणत्याही निवडणुकीत पैसे देता येत नाहीत. ग्रीन कार्ड मिळाले की ही बंदी उठते. भारतातून आलेले कितीतरी डॉक्टर तात्पुरत्या व्हिसावर वर्षानुवर्षे ग्रीन कार्डाच्या रांगेत असतात. ते वर्गणी पूर्ण भरतात, रुग्ण तपासतात, कर भरतात, पण त्यांना मत नसते आणि पॅकच्या टेबलापाशीही त्यांना जाता येत नाही. १९९४ साली सुरू झालेली कॉनराड योजना प्रत्येक राज्याला दरवर्षी असे तीस परदेशी डॉक्टर ठेवून घेऊ देते, आणि त्या बदल्यात त्या डॉक्टरांनी डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात काम करायचे असते. या योजनेला मुदतवाढ मिळावी म्हणून अनेक संघटना दरवेळी वॉशिंग्टनमध्ये खेटे घालतात. ज्यांच्याकडून एक पैसाही घेता येत नाही त्यांच्यासाठी केलेले हे काम आहे, आणि संघटनेला नावे ठेवण्याआधी मी त्याची आठवण स्वतःला करून देतो.

डॉक्टर मंडळी राजकारणात पैसा घेऊन उतरली त्याचा इतिहास मात्र फारसा गोड नाही. १९४८ साली हॅरी ट्रूमन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि राष्ट्रीय आरोग्य विम्याची त्यांची योजना मार्गी लागेल असे वाटू लागले. तेव्हा अमेरिकन मेडिकल असोसिएशनने प्रत्येक सभासदावर २५ डॉलरची खास आकारणी केली. त्या पैशातून कॅलिफोर्नियातील क्लेम व्हिटेकर आणि लिओन बॅक्स्टर या प्रचारतज्ज्ञ दांपत्याला नेमले गेले. एकट्या १९४९ मध्ये सुमारे १५ लाख डॉलर खर्च झाले, आणि त्या काळात ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. या मोहिमेत दवाखान्यांत लावण्यासाठी एक भित्तिपत्रक काढले होते. त्यावर एकोणिसाव्या शतकातील एक प्रसिद्ध चित्र होते: आजारी मुलाशेजारी हनुवटीवर हात ठेवून बसलेला डॉक्टर, मागे अंधारात आईबाप. खाली लिहिले होते, 'या चित्रात राजकारण आणू नका.' प्रतीक्षाकक्षात रुग्ण या चित्राखाली बसायचा, आणि राजकारण त्याच्या डोक्यावरच टांगलेले असायचे. डॉक्टरांच्या राजकीय भाषेचा साचा तेव्हा पडला, तो आजही तसाच आहे. लढाई पैशाची असो किंवा कोणता उपचार कोणी करावा या अधिकारक्षेत्राची, चित्रात पुढे रुग्ण असतो.

ट्रूमन यांची योजना बारगळली. १९६१ साली असोसिएशनने 'ॲम्पॅक' हा आपला पॅक काढला. त्याच सुमारास वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याला विरोध म्हणून डॉक्टरांच्या पत्नींनी शेजारणींना कॉफीला बोलवायचे, रोनाल्ड रेगन यांच्या भाषणाची तबकडी लावायची आणि काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, पत्रे लिहून घ्यायची, अशी मोहीम देशभर चालवली गेली. मोहीम गाजली, पण तिला अपयश आले. ३० जुलै १९६५ रोजी मिसुरीतील इंडिपेंडन्स गावी, वृद्ध ट्रूमन यांना शेजारी बसवून, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या, म्हणजे त्याच वृद्धांच्या विम्याच्या, कायद्यावर सही केली. आज विशेषज्ञांच्या बहुतेक संघटनांचे वॉशिंग्टनमधले बरेचसे काम त्याच मेडिकेअरकडून मिळणाऱ्या मोबदल्याभोवती फिरते. आजोबांच्या पिढीने जे येऊ नये म्हणून पैसे दिले, तेच अधिक उदार व्हावे म्हणून आमची पिढी पैसे देते. याबद्दल कुठल्याही अधिवेशनात कुणाला हसताना मी पाहिलेले नाही.

या मोबदल्याच्या हिशेबाचा थोडा खोलात विचार करायला हवा, कारण पॅकचे सारे मानसशास्त्र तिथे दडलेले आहे. १९९२ पासून मेडिकेअर डॉक्टरांच्या प्रत्येक कामाला गुण देते. हार्वर्डमधील विल्यम श्याओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनावर ही पद्धत उभी आहे. कामाला लागणारा वेळ आणि कौशल्य, दवाखान्याचा खर्च आणि निष्काळजीपणाच्या दाव्यांसाठीचा विमा, या तिन्हींचे गुण मिळवायचे आणि बेरजेला एका डॉलरच्या आकड्याने गुणायचे. या आकड्याला कन्व्हर्जन फॅक्टर म्हणतात. १९९८ मध्ये तो ३६.६९ डॉलर होता आणि २०२५ मध्ये ३२.३५ डॉलर. महागाई धरली नाही तरी तो खाली आला आहे. धरली तर काय राहते याचा हिशेब प्रत्येक संघटनेच्या पत्रकात ठळक रंगात छापलेला असतो, आणि या बाबतीत पत्रक खोटे बोलत नाही. २०२६ साठी काँग्रेसने अडीच टक्क्यांची वाढ दिली, तीही एका वर्षापुरतीच.

खरी मेख पुढे आहे. कायद्यानुसार गुणांमधील बदलांमुळे एकूण खर्च वर्षाला दोन कोटी डॉलरपेक्षा जास्त वाढणार असेल तर तितकी कपात दुसरीकडून करावी लागते. ही दोन कोटींची मर्यादा १९८९ च्या कायद्यातली आहे आणि तीही महागाईनुसार वाढलेली नाही. म्हणजे एका शाखेच्या पानात काही वाढायचे तर ते इतर सगळ्यांच्या पानांतून थोडे थोडे काढूनच वाढावे लागते. २०२१ साली हे अगदी उघडपणे दिसले. रुग्णाला नुसते तपासून, त्याच्याशी बोलून, विचार करून सल्ला देण्याच्या कामाचे गुण बऱ्याच वर्षांनी वाढवले गेले. फॅमिली डॉक्टर आणि इंटर्निस्ट (शस्त्रक्रिया न करणारे, प्रौढांचे डॉक्टर) यांची ही जुनी आणि न्याय्य मागणी होती. पण हिशेब जुळवण्यासाठी कन्व्हर्जन फॅक्टर दहा टक्क्यांहून अधिक घसरणार होता, आणि त्याचा सर्वाधिक फटका शल्यविशारद, रेडिओलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञ यांना बसणार होता. शल्यशाखा एकत्र आल्या, मोहीम झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये काँग्रेसने जास्तीचे पैसे ओतून घसरण बरीचशी भरून काढली. त्या महिन्यांत माझ्या इन्बॉक्समध्ये एकाच गोष्टीबद्दल परस्परविरोधी आवाहने येत होती, आणि दोन्हींची सुरुवात 'आपल्या रुग्णांच्या हितासाठी' अशीच होती.

त्याआधीची दीड दशके तर याहून विलक्षण होती. १९९७ च्या एका कायद्याने डॉक्टरांवरील खर्चाची वाढ अर्थव्यवस्थेच्या वाढीशी बांधली. २००२ मध्ये त्या सूत्राप्रमाणे खरोखरच कपात झाली, आणि त्यानंतर दरवर्षी, कधी वर्षातून अनेकदा, कपात ऐन वेळी पुढे ढकलण्याचा परिपाठ पडला. एप्रिल २०१५ मध्ये ते सूत्र रद्द होईपर्यंत अशा सतरा तात्पुरत्या मलमपट्ट्या झाल्या, आणि शेवटी डोक्यावर लोंबकळणारी कपात २१ टक्क्यांच्या घरात गेली होती. प्रत्येक मुदतीच्या आधी संघटनांची आवाहने येत, पॅककडे पैसा येई, उमेदवारांच्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमांना डॉक्टर जात आणि अखेरच्या आठवड्यात सुटका होई. कुणी हे मुद्दाम घडवून आणले असा माझा आरोप नाही. मात्र कायमचा तोडगा निघाला असता तर निधी गोळा करणाऱ्यांचे आणि निधी मागणाऱ्या राजकारण्यांचेही एक हुकमी निमित्त गेले असते, हे नाकारण्यातही अर्थ नाही. संकट दरवर्षी नव्याने यावे आणि दरवर्षी थोडक्यात टळावे, ही अवस्था देणग्या जमवायला सर्वांत सोयीची असते.

संघटनेच्या वतीने वॉशिंग्टनला जाण्याचा दिवस असतो त्याला 'हिल डे' म्हणतात. आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या सभागृहात प्रशिक्षण होते. विधेयकाचा क्रमांक पाठ करा, मागणी एका वाक्यात सांगा, आपल्या मतदारसंघातील एका रुग्णाची गोष्ट सांगा, आणि पॅकचा उल्लेख चुकूनही करू नका. हा शेवटचा मुद्दा तीन-तीनदा बजावला जातो. सरकारी इमारतीत निवडणुकीसाठी देणगी मागण्यास कायद्याने मनाई आहे, आणि एखाद्या सरकारी कृतीशी देणगी जोडली गेली तर प्रकरण लाचखोरीपर्यंत जाऊ शकते. दुसऱ्या दिवशी काँग्रेस सदस्यांची कार्यालये असलेल्या रेबर्न किंवा लाँगवर्थ इमारतीच्या लांबलचक कॉरिडॉरमधून, दाराबाहेर उभे केलेले राज्याचे झेंडे पाहत, आम्ही गडद रंगाच्या सुटांत ताफ्याने हिंडतो. भेटीची वेळ पंधरा मिनिटांची असते. पाचपैकी चार वेळा काँग्रेस सदस्य नसतातच. त्यांच्या आरोग्यविषयक सहायकाशी बोलायचे असते. तो बहुधा पंचविशीतला असतो, त्याच्याकडे आरोग्याबरोबर शेती आणि शिक्षणही असते, आणि खोली रिकामी नसेल तर तो दाराबाहेर उभ्यानेच वहीत टिपून घेतो. त्याच्या वयाचा माझा रेसिडेंट असता तर मी त्याला प्रश्न विचारले असते. इथे मी माझी गोष्ट नीट, वेळेत आणि चेहऱ्यावर आर्जव ठेवून सांगतो.

मी सांगितलेली गोष्ट एका वृद्ध बाईंची होती. त्यांच्या उपचाराला विमा कंपनीची पूर्वपरवानगी मिळेपर्यंत इतके दिवस गेले की आजार एक पायरी पुढे सरकला. परवानगीची ही पद्धत मेडिकेअर ॲडव्हान्टेज योजनांत, म्हणजे खासगी विमा कंपन्यांमार्फत चालणाऱ्या मेडिकेअरमध्ये, सुधारावी असे विधेयक प्रतिनिधीगृहाने सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूरही केले, पण सिनेटमध्ये ते खर्चाच्या अंदाजावरून अडकले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये सरकारी खात्यानेच नियम काढला आणि तातडीच्या विनंतीला ७२ तासांत, इतर विनंतीला सात दिवसांत उत्तर द्यायचे बंधन २०२६ पासून घातले. हे काम संघटनांच्या सततच्या रेट्याशिवाय झाले नसते असे मला वाटते. इथे डॉक्टरचे आणि रुग्णाचे दुखणे एकच होते, म्हणून ती गोष्ट सांगताना माझी जीभ अडखळली नाही. पण तासाभराने पुढच्या कार्यालयात मागणी कन्व्हर्जन फॅक्टरची होती, आणि आमच्या गटातील एका सहकाऱ्याने तिथेही तीच बाई वापरली. 'मोबदला वाढला नाही तर अशा रुग्णांना डॉक्टरच मिळणार नाहीत,' असे तो म्हणाला. त्यात तथ्य नव्हते असे नाही. मात्र त्या बाईंना डॉक्टर मिळाला होता. तो मीच होतो.

संध्याकाळी कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, मागच्या गल्लीतील एका जुन्या विटांच्या घरात कार्यक्रम होता. दिवसभर ज्यांच्या सहायकांशी बोललो त्यांपैकी एका समितीचे सदस्य तिथे स्वतः आले. प्रतिनिधीगृहात 'वेज अँड मीन्स' आणि 'एनर्जी अँड कॉमर्स', सिनेटमध्ये 'फायनान्स' या तीन समित्यांकडे मेडिकेअर आहे, आणि डॉक्टरांच्या पॅकचा पैसा त्यांच्या सदस्यांकडे ओढ्याच्या पाण्यासारखा जातो; पक्ष कोणता हा प्रश्न नंतरचा. सदस्य दहा मिनिटे बोलले, सगळ्यांचे नाव विचारले, माझ्या नावाचा उच्चार दोनदा करून पाहिला आणि निघून गेले. धनादेशाचे पाकीट केव्हा आणि कुणी दिले ते मला दिसले नाही. दिवसाच्या पंधरा मिनिटांत आणि संध्याकाळच्या दहा मिनिटांत कायद्याने एक भिंत उभी केली आहे, आणि सगळेजण ती काटेकोरपणे पाळतात. दोन्हीकडची माणसे तीच असतात, एवढेच.

पैसे न देणाऱ्यांचे काय होते, याचे उदाहरण म्हणून आमच्याकडे केंटकीचे नाव निघते. २०११ साली त्या राज्यात ऑप्टोमेट्रिस्टना (डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणाऱ्या, पण वैद्यकीय डॉक्टर नसलेल्या तज्ज्ञांना) डोळ्यांच्या काही लेझर शस्त्रक्रिया करू देणारा कायदा काही आठवड्यांतच मंजूर झाला. ओक्लाहोमाने तसा कायदा १९९८ सालीच केला होता. केंटकीत ऑप्टोमेट्रिस्टांनी आणि त्यांच्या पॅकने आधीच जवळजवळ प्रत्येक आमदाराच्या प्रचाराला हातभार लावला होता, हे नंतर वृत्तपत्रांत सविस्तर आले. नेत्रतज्ज्ञ गाफील राहिले, असा या गोष्टीचा आमच्या सभांमधील अर्थ आहे. मला तिचा आणखी एक अर्थ दिसतो. डोळ्यावर लेझर कोणी चालवावे, हा प्रश्न प्रशिक्षणाचा आणि परिणामांचा आहे. आणि ज्या रिंगणात तो सोडवला गेला तिथे दोन्ही बाजूंनी पुढच्या वेळी अधिक रक्कम आणावी, एवढाच धडा घेतला.

आता मूळ मुद्दा. आमच्या पॅकवर बाहेरून जी टीका होते ती लोभाची असते. मला ती पुरती पटत नाही. माझ्या ओळखीचे जे डॉक्टर पॅकच्या समितीत काम करतात ते स्वतःचा वेळ आणि पैसा घालवून ते करतात. अडचण निराळी आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की संघराज्याच्या निवडणुकांत देणगी देणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाण १९९१-९२ मधील २.६ टक्क्यांवरून २०११-१२ मध्ये ९.४ टक्क्यांवर गेले, आणि त्याच काळात डॉक्टरांचा एकगठ्ठा रिपब्लिकन कल ओसरून ते दोन पक्षांत विभागले गेले. शल्यविशारद एकीकडे झुकतात, बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दुसरीकडे. एकाच शाखेतही गर्भपात, बंदुका, विमा, स्थलांतर यांवर टोकाची मते असतात. अशा माणसांकडून स्वेच्छेने पैसे गोळा करायचे तर सगळ्यांना मान्य होईल असे कारण सांगावे लागते, आणि सगळ्यांना मान्य होणारे कारण फक्त दोन गोष्टींत सापडते: आपला मोबदला आणि आपले अधिकारक्षेत्र. पॅक अरुंद आहे तो संकुचित माणसांमुळे नव्हे. तो मतभेद असलेल्या माणसांच्या ऐच्छिक पैशावर चालतो, आणि कायद्याने त्याला तेवढाच पैसा दिला आहे.

या अरुंदपणाची किंमत मात्र मोजावी लागते. २०१९ साली 'जामा नेटवर्क ओपन' या नियतकालिकात डॉक्टरांच्या संघटनांशी जोडलेल्या २५ मोठ्या पॅकचा अभ्यास आला. बंदूक खरेदीपूर्वीच्या पार्श्वभूमी-तपासणीचा विस्तार करण्यास विरोध असलेल्या उमेदवारांकडे बहुतेक पॅकचा अधिक पैसा गेला होता. आणि त्यांतील काही संघटनांनी त्याच तपासणीला जाहीर पाठिंबा दिलेला होता. आपत्कालीन विभागात गोळीचे घाव शिवणाऱ्या माणसाने दिलेला डॉलर, मेडिकेअरच्या विधेयकावर मदत होईल म्हणून, त्या घावांबद्दल काहीही करू न इच्छिणाऱ्याच्या प्रचारात गेला. पॅकने बंदुकांसाठी पैसे दिले नव्हते, हे खरेच आहे. पण उमेदवाराचा अर्धाच भाग निवडून येत नाही.

आणि विशेषज्ञांच्या संघटनेचे राजकारण असेच असायला हवे असा काही नियम नाही. १९२१ साली माता आणि अर्भकांच्या आरोग्यासाठी राज्यांना अनुदान देणारा शेपर्ड-टाउनर कायदा झाला. १९२२ च्या सेंट लुईस अधिवेशनात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या बालरोग विभागाने त्याला पाठिंबा दिला आणि त्याच अधिवेशनात मूळ संघटनेच्या प्रतिनिधीसभेने त्याचा निषेध केला. विभागांनी परस्पर ठराव करू नयेत असा दंडक पुढे आला. कायदा १९२९ मध्ये संपुष्टात आला, पण दुखावलेल्या बालरोगतज्ज्ञांनी १९३० साली आपली स्वतंत्र ॲकॅडमी स्थापन केली. म्हणजे एका मोठ्या विशेषज्ञ संघटनेच्या जन्मामागे राजकीय भांडण आहे, आणि ते भांडण डॉक्टरांच्या मोबदल्यावरून झालेले नाही. त्या बालरोगतज्ज्ञांना मूळ संघटनेच्या बहुमताची पर्वा करून गप्प बसता आले असते.

मी पॅकला पैसे देतो. सुचवलेल्या आकड्यापेक्षा कमी, पण देतो. कारण विमा कंपन्या, रुग्णालयांच्या साखळ्या आणि औषध कंपन्या त्या विटांच्या घरांत आमच्या आधी आणि आमच्यापेक्षा मोठ्या पाकिटांसह पोहोचलेल्या असतात, आणि आम्ही गेलो नाही म्हणून ती घरे बंद होणार नाहीत. मात्र निवडणूक आयोगाकडे दाखल झालेली आमच्या पॅकची विवरणपत्रे मी वाचतो. ती कुणालाही उघडून पाहता येतात. कुणाला किती, कोणत्या तारखेला, प्राथमिक निवडणुकीसाठी की मुख्य, सारे त्यात असते. का दिले, ते नसते. कर्करोगाच्या तपासणीचा अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे माझे सहकारी आपल्याच पैशाचा हा अहवाल उघडून पाहत नाहीत.

गेल्या अधिवेशनातील पॅकच्या बैठकीत मी दोन सूचना मांडल्या. प्रत्येक देणगीचे कारण दोन ओळींत सभासदांना कळवावे; आणि संघटनेने ज्या विषयावर जाहीर भूमिका घेतली आहे, तिच्या थेट विरोधात मत देणाऱ्याला पैसे देण्याआधी समितीने निदान वेगळे मतदान घ्यावे. कोषाध्यक्ष भले गृहस्थ आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की पहिली सूचना मान्य होण्यासारखी आहे, दुसरी मान्य केली तर एका बाजूचे देणगीदार पहिल्या वर्षी जातील आणि दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या वर्षी. त्यांचे गणित बरोबर असावे. तरीही मी सूचना मागे घेतली नाही. निधी आटला तर किती आटतो हे एकदा पाहावे, आणि उरलेला पैसा कोणाच्या नावावर उरतो तेही पाहावे, असे मी म्हणालो. ठराव पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे, आणि त्याला अनुमोदन देणारी आमच्या शाखेतील सर्जन बाई दर निवडणुकीत माझ्या विरुद्ध पक्षाला मत देते.